पिसं पचवणारी बुरशी: मातीतून मिळवायची कशी, तिच्या विकरांची ताकद मोजायची कशी

कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी अकरानंतर चिकनच्या दुकानामागे गेलात, तर पिसांनी काठोकाठ भरलेलं निळं पिंप दिसतं. जिवंत कोंबडीच्या वजनात साधारण ५ ते ७ टक्के वाटा पिसांचा असतो. दोन-दोन किलोच्या शंभर कोंबड्या विकणाऱ्या एका दुकानातून रोज १० ते १४ किलो पिसं निघतात. ती ओढ्यात जातात, उकिरड्यावर जातात, नाहीतर संध्याकाळी जाळली जातात आणि गल्लीभर जळक्या केसांचा वास राहतो. सलूनमधले केस, कत्तलखान्यातली शिंगं आणि खुरं, लोकरीची कातरण हा सगळा कचरा त्याच जातीचा. हे सगळं केराटिन नावाचं चिवट प्रथिन. पिसांमध्ये ते जवळपास ९० टक्के असतं आणि पिसाच्या कोरड्या वजनात नायट्रोजन सुमारे १५ टक्के. ज्या नायट्रोजनसाठी शेतकरी युरियाच्या गोणीपुढे रांग लावतो, तो त्या पिंपात पडून असतो आणि लवकर कुजतही नाही.

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दरवर्षी तीन-चार विद्यार्थी 'मॅडम, केराटिनेजवर प्रोजेक्ट करायचाय' म्हणून येतात. केराटिनेज म्हणजे केराटिन पचवणारं विकर, एन्झाइम. त्यांच्यातल्या बहुतेकांनी कुठेतरी एक सोपी कृती वाचलेली असते: माती आणा, दुधाच्या आगरवर बुरशी वाढवा, भोवती पारदर्शक वलय दिसलं की 'केराटिनेज सापडलं' असं लिहा. हे चूक आहे. दुधातलं केसीन पचवणं आणि पीस पचवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक लक्षात ठेवून काम कसं करायचं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिते आहे. ऑटोक्लेव्ह, इनक्यूबेटर, शेकर, सेंट्रिफ्यूज आणि साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढं असलेल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे जमतं.

केराटिन इतकं चिवट का

घुबड उंदीर किंवा पाखरू सबंध गिळतं आणि काही तासांनी एक गोळी ओकून टाकतं. ती गोळी सुईने उकलून पाहा. मांस गेलेलं असतं. केस, पिसं आणि हाडं मात्र तशीच्या तशी. पोटातलं पेप्सिन, आतड्यातलं ट्रिप्सिन, कोणाचंच केराटिनपुढे फारसं चालत नाही. एक तर या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना घट्ट लगटून बसलेल्या असतात, त्यामुळे विकराला आत शिरायला फट सापडत नाही. शिवाय साखळी-साखळीत गंधकाचे पूल असतात. एका साखळीतलं सिस्टीन आणि दुसरीतलं सिस्टीन यांचे गंधक एकमेकांना धरून बसतात. हा डायसल्फाइड बंध. केसात आणि लोकरीत असे पूल पिसापेक्षा बरेच जास्त, म्हणून पीस पचवणारी प्रत्येक बुरशी केस पचवेलच असं नाही.

बुरशी हे कोडं दोन बाजूंनी सोडवते. त्वचेवर वाढणाऱ्या बुरशा सल्फाइट बाहेर सोडतात. हे सल्फाइट गंधकाचा पूल तोडतं आणि साखळ्या सैल पडतात. यारोस्लाव कुनेर्ट या चेक संशोधकाने १९७० च्या दशकात हे दाखवून दिलं. पुढे सल्फाइट पेशीबाहेर टाकणारा पंप आणि त्याचा जनुकही सापडला. पूल तुटले की विकरांचं काम सुरू होतं, आणि तेही एकट्या-दुकट्याचं नसतं. 'ओनिजेना' नावाच्या बुरशीच्या जाती निसर्गात शिंगं, खुरं आणि पिसं यांच्यावरच वाढतात. तिच्यातल्या 'ओनिजेना कॉर्व्हिना'वर डेन्मार्कमध्ये काम झालं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात तीन कुळांतली विकरं मिळून केराटिन पचवतात असं दिसलं. एक साखळी मधूनच कापतं, दुसरं टोकाकडून एकेक अमिनो आम्ल सोडवतं, तिसरं उरलेले आखूड तुकडे संपवतं. पहिल्याने मधे काप घेतला की दुसऱ्याला नवी टोकं मिळतात, म्हणून तिघं एकत्र असताना काम झपाट्याने होतं.

मग 'केराटिनेज' हा शब्द चुकीचा का? चुकीचा नाही, पण त्याने एकच विकर डोळ्यांपुढे येतं. आपण मोजतो ती ताकद सहसा सगळ्या टोळीची असते. एकट्या विकराचं प्रसिद्ध उदाहरण हवं असेल तर ते तुमच्या शेजारच्या डीएनए प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये असेल: प्रोटिनेज के. १९७४ मध्ये एका बुरशीतूनच ते वेगळं केलं, आणि केराटिन पचवतं म्हणून नावात 'के'.

सुरुवातीलाच सांगते: ही बुरशी कातडीही खाते

नायटा किंवा गजकर्ण ज्या बुरशांमुळे होतो त्या याच गोतावळ्यातल्या. आपल्या त्वचेचा वरचा थर, नखं आणि केस हे केराटिनच आहे. मातीत सहज मिळणारी 'नॅनिझिया जिप्सिया', जिचं जुनं नाव 'मायक्रोस्पोरम जिप्सियम', माणसाला नायटा देते. भारतात सध्या औषधाला दाद न देणारा जो नायटा पसरला आहे, त्यामागची 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' याच घराण्यातली. ती मातीत सहसा मिळत नाही, माणसाकडून माणसाकडे जाते. 'अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस'चे बीजाणू तर फुप्फुसाला धोकादायक.

आमच्याकडे एका वर्षी एका विद्यार्थिनीने हातमोजे न घालता प्लेट उघडली. पंधरा दिवसांत मनगटाच्या वर रुपयाएवढं लाल कडं उठलं. दीड महिना मलम लावावं लागलं. त्यानंतर माझे नियम पक्के झाले. आमिष लावलेली, म्हणजे बुरशी यावी म्हणून मातीवर केस पसरलेली प्लेट बायोसेफ्टी कॅबिनेटबाहेर उघडायची नाही. साधं लॅमिनार चालत नाही, कारण त्याची हवा आपल्या तोंडावर येते. पूर्ण बाह्यांचा अ‍ॅप्रन, हातमोजे, एन-९५ मास्क. प्लेट हुंगून पाहायची नाही. वापरलेली प्रत्येक वस्तू १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय बाहेर जाणार नाही. ज्याला दमा आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, त्याने हा विषय घेऊ नये.

पिसं आणतानाही विचार करा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता. ज्या शेडमध्ये कोंबड्या मरताहेत तिथली पिसं प्रोजेक्टसाठी घ्यायची नाहीत. रोजच्या ओळखीच्या दुकानातून, सकाळच्या पहिल्या कापणीची घ्या. साल्मोनेला तरीही असतोच असं धरून चाला.

पिसं आणि केस तयार करणं

पांढऱ्या ब्रॉयलरचीच पिसं घ्या. गावठी कोंबडीची काळी-तांबडी पिसं मिसळू नका. काळ्या रंगातलं मेलॅनिन पीस पचायला आणखी अवघड करतं, आणि मग एका फ्लास्कचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही.

साबणाच्या कोमट पाण्यात दोनदा धुवा, नळाखाली भरपूर खळबळा, शेवटी डिस्टिल्ड पाणी. वाळली की कात्रीने एक सेंटिमीटरचे तुकडे करा. आता तेल काढायचं. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल समप्रमाणात घेऊन त्यात तुकडे २४ तास बुडवून ठेवा, फ्यूम हूडमध्येच. ही पायरी विद्यार्थी गाळतात. तेल राहिलं तर बुरशी आधी ते तेल खाऊन वाढते आणि आपल्याला वाटतं पीस पचतंय. पुन्हा पाण्याने धुऊन ५० अंशांच्या आत वाळवा.

चाचणीसाठी पिसाची पूड लागते. अख्खी पिसं मिक्सरमध्ये टाकलीत तर नुसता कापूस होतो. कात्रीने बारीक करून थोडी-थोडी फिरवा आणि एकच चाळणी ठरवून तिच्यातून काढा. पूड जितकी बारीक तितकी विकराला सोपी, म्हणून वर्षभराची पूड एकदाच करून बाटलीत भरून ठेवा.

आमिषाला केस हवेत. लहान मुलांचे केस सर्वांत चांगले, कारण वयात आल्यावर टाळूतून जे स्निग्ध पदार्थ सुटतात ते बुरशीला रोखतात. ओळखीच्या घरी जावळ असेल तर आधी सांगून ठेवा. आमच्याकडे एका आजींनी नातवाचं जावळ नदीत सोडण्याआधी चिमूटभर काढून दिलं होतं. डाय किंवा मेंदी लावलेले केस नकोत. घोड्याच्या शेपटीचे केसही चालतात. तेल काढून एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून ऑटोक्लेव्ह करा.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऑटोक्लेव्हच्या ओल्या उष्णतेने केराटिन स्वतःच थोडं सैल पडतं. आमिषाला ते चालतं. पण 'माझ्या बुरशीने पीस इतकं पचवलं' हा आकडा लिहायचा असेल, तर बुरशी न घातलेला पण तसाच ऑटोक्लेव्ह केलेला फ्लास्क शेजारी असायलाच हवा.

मातीत आमिष लावणं

बेल्जियमचे रेमंड व्हानब्रॉयसेगेम यांनी १९५२ मध्ये दिलेली ही पद्धत आजही जगभर तशीच वापरतात. मातीत केस टाकायचे आणि वाट पाहायची. ज्या बुरशीला केस खाता येतो ती केसावर येते.

माती कुठली घ्यायची? जिथे वर्षानुवर्षं केस-पिसं पडत आलीत तिथली. कोंबड्यांचं खुराडं, गोठ्याचा कोपरा, सलूनमागची मोकळी जागा, कबुतरांच्या घरट्याखालची जमीन, कुत्री लोळतात ती सावली. शाळेचं मैदान आणि बागही सोडू नका. आपल्याकडे लोणारच्या विवराच्या परिसरातल्या मातीतूनही केराटिनवर वाढणाऱ्या बुरशा मिळाल्या आहेत. वरची दोन-पाच सेंटिमीटर माती निर्जंतुक चमच्याने पिशवीत घ्या आणि पिशवीवर लगेच जागा, तारीख, ऊन की सावली हे लिहा. मातीचा पीएच मोजून ठेवा. आम्लधर्मी मातीपेक्षा उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी माती जास्त हात देते.

निर्जंतुक पेट्री डिश अर्धी भरा. वरून केसांचे तुकडे पसरा. निर्जंतुक पाणी शिंपडा. किती? माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये, इतकं. प्रत्येक मातीच्या पाच डिश करा. २८ अंशांवर, अंधारात, चार आठवडे. मे महिन्यात 'रूम टेंपरेचर' म्हणून टेबलावर ठेवू नका. आपल्याकडे तेव्हा खोलीत ३८ अंश असतात आणि नको त्या बुरशा पुढे जातात. आठवड्यातून एकदा ओल बघा.

पाचव्या दिवसापासून झाकण न उघडता भिंगातून पाहत राहा. साधारण आठ-दहा दिवसांनी एखाद्या केसाभोवती पांढरं, पिठासारखं किंवा कापसासारखं जाळं दिसेल. असा एक केस कॅबिनेटमध्ये चिमट्याने उचला, अर्धा स्लाइडवर लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लूमध्ये ठेवा आणि ४०च्या लेन्सखाली पाहा. केसाच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखे खाचे दिसतील, किंवा पाचरीसारखी भोकं सरळ आत गेलेली दिसतील. पहिल्यांदा हे पाहताना मी स्लाइडवरून डोळा काढला नव्हता. इतका तुळतुळीत, गुळगुळीत केस, आणि त्यात निळ्या रंगाचे धागे भोक पाडून आरपार चाललेले.

केसाचा उरलेला अर्धा भाग साबूरो डेक्स्ट्रोज आगरवर टेका. आगरमध्ये लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घाला, जीवाणू दबतात. ५०० मिलिग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड घातलं तर अ‍ॅस्परजिलससारख्या भराभर वाढणाऱ्या बुरशाही मागे पडतात. हे रसायन विषारी आहे, तोलताना हातमोजे आणि मास्क हवेच. मात्र अ‍ॅस्परजिलसच हवा असेल तर ते घालू नका. दोन-तीनदा उपसंवर्धन करून शुद्ध कल्चर मिळवा.

आता खरी परीक्षा. केसावर सापडली म्हणून ती केस खातेच असं नाही. काही बुरशा केवळ केसावरच्या उरल्यासुरल्या मळावर जगतात. नुसती केराटिनवर राहणारी बुरशी निराळी आणि केराटिन पचवणारी निराळी. शुद्ध कल्चरचा ठिपका साध्या पाण्याच्या आगरवर ठेवा, बाजूला नवे निर्जंतुक केस ठेवा, तीन आठवड्यांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. खाचे किंवा भोकं दिसली तरच पुढे जा.

ओळख पटवताना बीजाणूंकडे लक्ष द्या. नॅनिझिया जिप्सियाची वसाहत दालचिनीच्या पुडीसारखी, बीजाणू होडीसारखे लांबट, आत आडवे पडदे, भिंत खरबरीत. असे दिसले तर ही रोगकारक आहे असं धरून वागा. मी विद्यार्थ्यांना तिच्यावर पुढचं काम करू देत नाही. 'क्रायसोस्पोरियम'ची वसाहत बहुधा पांढरी, बीजाणू एकपेशी, पेरूसारखे, बूड सपाट. आपल्या मातीत 'क्रायसोस्पोरियम इंडिकम' आणि 'क्रायसोस्पोरियम ट्रॉपिकम' वारंवार मिळतात, आणि प्रोजेक्टला त्या बऱ्या. नुसत्या दिसण्यावरून जातीचं नाव प्रबंधात लिहू नका. आयटीएस, म्हणजे बुरशीची जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा भाग, त्याचं सिक्वेन्सिंग करून घ्या, किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, तिथे विचारा.

फ्लास्कमध्ये पिसं घालणं

एक लिटर माध्यमासाठी डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.०२५ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.०२५ ग्रॅम, फेरस सल्फेट ०.०१५ ग्रॅम, झिंक सल्फेट ०.००५ ग्रॅम. पीएच ७.५. अडीचशे मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटर माध्यम आणि अर्धा ग्रॅम पिसाचे तुकडे. बाकी काही नाही. कार्बन, नायट्रोजन, गंधक, जे काही लागेल ते बुरशीने पिसातूनच काढायचं.

'थोडं ग्लुकोज घातलं तर लवकर वाढेल ना मॅडम?' वाढेल, पण विकर कमी होईल. ताटात साखर असताना बुरशी पिसाच्या वाटेला कशाला जाईल!

आठ-दहा दिवसांच्या स्लांटवर (नळीत तिरप्या गोठवलेल्या आगरवर) ०.०५ टक्के ट्वीन-८० चं पाणी घालून बीजाणू खरवडा, हिमोसायटोमीटरने मोजा, मिलिलिटरला दहा लाख करून प्रत्येक फ्लास्कमध्ये एक मिलिलिटर घाला. २८ अंश, मिनिटाला १२० फेरे. तीन फ्लास्क बुरशी आणि पिसांचे, तीन नुसत्या पिसांचे, तीन पिसांशिवाय बुरशीचे. दर तीन दिवसांनी नमुना काढा, तीन आठवडे तरी.

नवव्या-बाराव्या दिवशी चांगल्या बुरशीचा फ्लास्क उजेडापुढे धरा. पिसाचे मऊ तंतू गेलेले असतात आणि मधला दांडा तेवढा माशाच्या काट्यासारखा तरंगत असतो. द्रव चहाच्या रंगाचा, गढूळ. कॅबिनेटमध्ये कापसाचा बोळा काढल्यावर मास्कमधूनही अमोनिया नाकाला झोंबतो, पहाटे बंद गोठ्याचं दार उघडावं तसा. पीएच ७.५ वरून साडेआठच्या आसपास गेलेला असतो, कारण अमिनो आम्लातला नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो. पीएच हलला नाही तर पचनही फारसं झालेलं नाही, हे माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

उरलेलं पीस गाळून, वाळवून, तोलून 'इतके टक्के घट' असं लिहायची पद्धत आहे. लिहा, पण त्यावर विसंबू नका. गाळणीवर पिसाबरोबर बुरशीचे धागेही राहतात आणि त्यांचंही वजन भरतं. घट प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. द्रवात काय सुटलं ते मोजणं जास्त खात्रीचं. यासाठी मी प्रथिनं मोजण्याच्या लाउरी आणि ब्रॅडफोर्ड या दोन्ही पद्धती एकाच नमुन्यावर करायला लावते. ब्रॅडफोर्डला मोठी प्रथिनंच दिसतात, लाउरीला आखूड पेप्टाइडही दिसतात. लाउरीचा आकडा चढतोय आणि ब्रॅडफोर्डचा जागच्या जागी आहे, याचा अर्थ पीस तुटून तुकडे सुटताहेत. सोबत सल्फेट मोजा: बेरियम क्लोराइड घालून येणारी गढूळता ४२० नॅनोमीटरवर. माध्यमात आपण थोडं सल्फेट घातलेलंच आहे, ते कोऱ्या फ्लास्कवरून वजा करा. सल्फेट वाढलं असेल तर सिस्टीनमधला गंधक सुटतोय.

विकराची ताकद मोजणं

द्रव ४ अंशांवर दहा हजार फेऱ्यांत दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. हा झाला कच्चा विकर. बर्फात ठेवा, त्याच दिवशी वापरा. ही विकरं एकमेकांनाही पचवतात.

पिसाच्या पुडीची चाचणी अशी. नळीत २० मिलिग्रॅम पूड, एक मिलिलिटर ट्रिस बफर पीएच ८, एक मिलिलिटर विकर. ४० अंशांवर एक तास, हलवत. मग २ मिलिलिटर १० टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल घालून थांबवा, अर्धा तास बर्फात ठेवा, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव २८० नॅनोमीटरवर वाचा. शेजारच्या नळीत हेच सगळं, पण आम्ल विकराच्या आधी घालायचं. ही कंट्रोल नळी नसेल तर तुमचा आकडा मी तपासणार नाही, कारण फ्लास्कमधल्या द्रवातच पेप्टाइड भरलेले असतात आणि २८० वर तेही दिसतात.

समजा चाचणीच्या नळीत ०.२४ आणि कंट्रोलमध्ये ०.०९ आलं. फरक ०.१५. तासाला ०.०१ वाढ म्हणजे एक युनिट असं धरलं तर एका मिलिलिटरमध्ये १५ युनिट. विकर पाचपट पातळ केलं असेल तर ७५. युनिटची व्याख्या प्रत्येक शोधनिबंधात निराळी असते, म्हणून स्वतःची व्याख्या लिहा आणि दुसऱ्याच्या आकड्याशी थेट तुलना करू नका. पैसे असतील तर केराटिन अ‍ॅझ्यूर घ्या; ती निळा रंग चढवलेली लोकर असते, विकराने तोडली की निळा रंग द्रवात उतरतो आणि ५९५ नॅनोमीटरवर वाचता येतो. फ्लास्कमधल्या जुन्या पेप्टाइडांचा इथे त्रास नाही.

त्याच विकरावर केसीनची चाचणीही करा. फोलिनचा निळा रंग, ६६० नॅनोमीटर, टायरोसिनचा आलेख. आणि मग केराटिनचा आकडा केसीनच्या आकड्याशी ताडून पाहा. दहा बुरशांमध्ये केसीनवर पहिली येणारी केराटिनवर सातवी असू शकते. दुधाच्या प्लेटवरच्या वलयावर विश्वास ठेवला असता, तर नेमकी चुकीची बुरशी घेऊन तुम्ही वर्ष घालवलं असतं.

विकर कोणत्या कुळातलं, ते रोधकांवरून, म्हणजे विकराचं काम अडवणाऱ्या रसायनांवरून कळतं. पीएमएसएफ घातल्यावर काम थांबलं तर सेरीन प्रोटिएज, ईडीटीएने थांबलं तर धातूवर अवलंबून असलेलं. पीएमएसएफ विषारी आहे आणि पाण्यात टिकत नाही. आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवून ऐन वेळी घाला. दोन्हींनी थोडं-थोडं कमी झालं तर गोंधळून जाऊ नका. तिथे टोळी आहे.

चार नळ्यांचा प्रयोग

एवढ्या सगळ्यात एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करा.

पांढऱ्या पिसाचे तीन-तीन सेंटिमीटरचे चार सारखे तुकडे, चार नळ्या, सगळीकडे ट्रिस बफर पीएच ८. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत सोडियम सल्फाइट, लिटरला १.२६ ग्रॅम म्हणजे १० मिलिमोलर. तिसरीत गाळलेलं विकर. चौथीत विकर आणि सल्फाइट दोन्ही. ३७ अंशांवर, मंद हलवत, २४ तास.

पुष्कळदा असं होतं की फ्लास्कमध्ये ज्या बुरशीने पीस फस्त केलं, तिच्याच गाळलेल्या विकराने तिसऱ्या नळीतलं पीस जवळजवळ तसंच राहतं. विद्यार्थी घाबरतात, विकर मेलं असं समजतात. चौथी नळी पाहा. तिथे तंतू झडून खाली गाळ बसलेला दिसेल. फ्लास्कमध्ये जिवंत बुरशी सतत सल्फाइट किंवा तत्सम काहीतरी सोडून गंधकाचे पूल तोडत होती. तुम्ही बुरशी गाळून टाकलीत आणि तो मदतनीसही गेला. दुसरी नळी यासाठी, की सल्फाइटने एकट्याने किती केलं ते कळावं. सुट्या झालेल्या गंधक-गटांशी पिवळा रंग देणारं एलमनचं अभिकर्मक हाताशी असेल तर चारही नळ्यांतला द्रव ४१२ नॅनोमीटरवर वाचा. सल्फाइटही तो पिवळा रंग देतं, म्हणून पीस नसलेली पण सल्फाइट घातलेली एक पाचवी नळी वजाबाकीसाठी लागेल.

मग याचा उपयोग कुठे

पिसाचं पाणी, म्हणजे पचलेल्या पिसांचा गाळलेला द्रव, अमिनो आम्लांनी भरलेला असतो. खत म्हणून ते आधी मुगावर तपासा: ०, १, २, ५, १० टक्के अशा पातळ द्रावणात पंचवीस-पंचवीस दाणे, चौथ्या दिवशी मुळांची लांबी. पातळ द्रावणात मुळं जोमदार येतात का ते बघा. जास्त दाट झालं की अमोनियाने मुळांची टोकं तपकिरी पडतात. द्रव ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय प्रयोगशाळेबाहेर काढायचा नाही, आणि रोगकारक जातीचा तर शेतात न्यायचाच नाही.

कोंबडीच्या किंवा माशांच्या खाद्यात घालायची घाई करू नका. पिसाच्या प्रथिनात लायसिन, मेथिओनिन, हिस्टिडिन आणि ट्रिप्टोफॅन कमी असतात, आणि बुरशीने विषद्रव्य सोडलं आहे का हे तपासणं कॉलेजच्या आवाक्यातलं नाही.

चामड्याच्या धंद्यात मात्र याची खरी गरज आहे. कातड्यावरचे केस काढायला चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात. त्या सांडपाण्यात आम्ल मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि टाकीत उतरलेला माणूस जागच्या जागी कोसळतो. विकराने केस मुळाशी सैल होऊन अख्खा निघतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत या दिशेने बरंच काम झालं आहे. अट एकच: विकराने कोलॅजेनला हात लावता कामा नये, कारण कोलॅजेन म्हणजेच चामडं. म्हणून तुमच्या विकराची कोलॅजेनवरची चाचणी शून्याच्या जवळ आली तर तो आकडा ठळक अक्षरात लिहा.

चांगली बुरशी हाती लागली की तिला जपा. साबूरोसारख्या गोड माध्यमावर महिनोन्‌महिने फिरवत राहिलात तर या बुरशा बिघडतात: वसाहत नुसती पांढरी, कापसासारखी होते, बीजाणू धरत नाही आणि पिसावरचा जोरही ओसरतो. मी साध्या आगरच्या स्लांटमध्ये पिसाचा एक निर्जंतुक तुकडा उभा ठेवते आणि त्याच्यावर बुरशी चढवते. दर तीन महिन्यांनी पिसावरून पिसावर नेते, एक संच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवते, आणि एक प्रत पुण्याच्या संग्रहाकडे पाठवते. स्लांटवर चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलनेच लिहा. पेनची शाई अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसली जाते आणि कोणत्या खुराड्याची माती होती ते पुन्हा सांगता येत नाही.